पटियांचं छत गळतंय? मिस्त्रीला बोलावण्याआधी हे करा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जनकगंजला आमचं सासऱ्यांच्या वेळचं घर आहे. छत पटियांचं, म्हणजे लोखंडी गर्डरवर दगडी पटिये आणि वर चुना-गिट्टीचा थर. ग्वाल्हेरात अशी घरं अजून पुष्कळ आहेत, आणि दर पावसाळ्यात तीच रड ऐकू येते. म्हणून हे लिहिते.

काम होळी झाली की लगेच काढा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा 45 च्या आसपास गेला की दुपारी फटींत भरलेला मसाला (बांधकामाचा गारा) तासाभरात वाळून भेगाळतो. आणि जूनमध्ये चांगला मिस्त्री मिळतच नाही.

आधी स्वतः गच्चीवर जा. खाली ओल दिसते तिथेच वर भोक असतं, असं समजू नका. पाणी दोन पटियांमधल्या दरजेतून, म्हणजे सांध्यातून, उतरतं, गर्डरच्या कडेनं वाहतं आणि भलत्याच खोलीत टपकतं. आमच्या देवघरात ओल यायची. पाणी शिरत होतं सात फूट लांब, कठड्याशी उगवलेल्या पिंपळाच्या मुळाशी. गच्चीचे मनातल्या मनात चार भाग करा. उताराच्या खालच्या भागापासून एकेका भागावर बादल्या ओता, अर्धा तास थांबा, खाली घरातलं कुणीतरी नजर ठेवून बसू दे. ओल उठली की वर खडूची खूण करा. मिस्त्रीला नुसतं ‘छत टपकता है’ सांगितलं तर तो सगळ्या छताचा भाव सांगतो. खूण दाखवली की बोलणं त्या खुणेचंच होतं. गर्डर फुगून त्याचे पापुद्रे सुटत असतील तर मात्र ते मिस्त्रीचं काम नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

मी एकदा ही पायरी गाळली. ठेकेदार म्हणाला, “पूरी छत पे डामर मार देंगे भाभीजी, दस साल देखना नहीं पड़ेगा.” एका दिवसात काम झालं, पूर्ण पैसेही दिले. पुढच्या उन्हाळ्यात डामर तडकलं आणि पाणी त्याखाली अडकून बसलं, वाळायला वाटच नाही. त्यावर दुसऱ्यानं सुचवलं की वरून इंचभर काँक्रीट टाकू. 100 चौरस फुटांवर एक इंच काँक्रीट म्हणजे सुमारे साडेपाच क्विंटल वजन! जुन्या गर्डरवर हे ओझं चढवू देऊ नका. सुटलेला थर आधी उकरायचा, मगच नवा.

बोलणी करताना ‘वॉटरप्रूफिंग’ या एका शब्दावर थांबू नका, काय काय करणार ते वदवून घ्या. दरजा इंचभर खोल उकरायच्या, तारेच्या ब्रशनं साफ करायच्या, भिजवून मग भरायच्या. भिंत आणि छत मिळतात तिथे गोला, म्हणजे मसाल्याची गोलसर कड, करायचा. उतार 10 फुटांना निदान सव्वा इंच हवा. तो डोळ्यानं ठरवू देऊ नका, लेव्हल पाइपनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) समोर मोजून घ्या. नंतर 7 दिवस ओली पोती टाकून पाणी मारायचं. ते घरातल्यांनीच करावं, मजुरांवर सोडू नये.

पन्हळीचं म्हणजे, मिस्त्रीच्या भाषेत, पतनाल्याचं बोलणं वेगळं करा, कारण ते हमखास राहून जातं. तोंड भिंतीपासून निदान अर्धा फूट पुढे हवं, नाहीतर पाणी भिंतीवरूनच उतरतं. पाइप लावणार असाल तर वर जाळी हवीच. आणि पाणी शेजाऱ्यांच्या ओट्यावर पडणार असेल तर काम सुरू होण्याआधी त्यांना घरी बोलावून दाखवा. आमच्या गल्लीत यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं आहे.

सिमेंट स्वतः आणते मी. गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी घेत नाही. मजुरी, कामाची यादी, दिवस, सगळं एका कागदावर लिहून मिस्त्रीची सही घेते आणि त्याचा फोटो त्यालाही पाठवते. शेवटचा चौथा हिस्सा पाण्याच्या परीक्षेनंतरच देते, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. सात दिवस झाले की पन्हळीचं तोंड चिंधीनं गच्च बंद करून तिथे इंचभर पाणी 24 तास उभं करायचं. मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीजी स्वतः आले, चपला काढून देवघरात गेले आणि छताला तळहात लावून पाहिला. कोरडं होतं. उरलेले पैसे तिथेच मोजून दिले.