प्रवाळासाठी पैसा उभा करताना: सांगलीच्या नवख्यांसाठी

सांगलीची पोरगी लक्षद्वीपच्या मच्छीमारांसाठी काम करते म्हटलं की लोक आधी विचारतात, "पोहता येतं का?" येतं, कृष्णेत शिकले. पण माझं बरंचसं काम एक्सेलमध्ये चालतं: निधी मागा, खर्च करा, हिशेब द्या. झूलॉजी केलेल्या मुलामुलींचे याबद्दल सारखे फोन येतात, म्हणून लिहिते.

पैशाआधी मासेमारी समजून घ्या. तिथे ट्यूना काठीला लावलेल्या गळाने धरतात. लगूनमधले (बेट आणि प्रवाळाची भिंत यांच्यामधलं उथळ पाणी) बारीक मासे पकडून होडीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे. ट्यूनाचा थवा दिसला की ते मूठमूठ फेकायचे, वरून पाण्याचे फवारे सोडायचे. मासा खवळला की एकेक खेचून थेट होडीत. या आमिषाच्या मासळीतल्या बऱ्याच जाती प्रवाळाच्या आसऱ्याने राहतात, आणि १९९८, २०१० व २०१६ मध्ये समुद्र तापून तिथलं प्रवाळ पांढरं पडलं, म्हणजे मरणाच्या दारात गेलं. प्रवाळ गेलं की आमिषाचा आसराच जातो. प्रस्तावात पानभर 'जैवविविधता' लिहिण्यापेक्षा प्रवाळ, आमिष, ट्यूना ही साखळी चार ओळींत मांडा. कंपनीचा साहेबही लगेच सावरून बसतो.

आता कंपन्यांचं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हा पैसा (सीएसआर) घ्यायला संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंद, हवी. खरी गोची तारखेची आहे. कंपनीची ३१ मार्चपर्यंत पैसे संपवायची घाई, आणि नेमका तेव्हा ट्यूनाचा हंगाम, माणसं समुद्रात. प्रशिक्षणाला बसणार कोण? म्हणून प्रस्ताव 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. मग उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात जाते आणि पुढची तीन वर्षं वापरता येते. परदेशी निधीत, त्यासाठीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला वळवताही येत नाही.

देणाऱ्यांना शिबिरं आवडतात, फोटो चांगले येतात. कात्री लागते ती धक्क्यावर आमिष, मासळी आणि डिझेलची नोंद ठेवणाऱ्या स्थानिक मुलाच्या मानधनाला. मी ते बजेटच्या पहिल्या ओळीत लिहिते. त्याच्याच नोंदी गावच्या बैठकीत मांडल्या की मच्छीमार आपसात भांडायला लागतात, आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथे होतं.

सराव इथेच करा. कृष्णाकाठच्या भोई मंडळींकडे किंवा कोयनेच्या शिवसागरावर जा. कोणता मासा, किती किलो, जाळ्याचा आस (भोक) केवढा, हे महिनाभर वहीत लिहा. ती वही मुलाखतीत सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलते. थोडं मल्याळम शिका. पगार मात्र सुरुवातीला लग्नाच्या बायोडेटात लिहिण्यासारखा नसतो.

मुलाखतीत तुम्हीही एक विचारा: पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की संस्था काय करते? "अहवाल लिहितो" म्हणाले तर घरी विचारून सांगते म्हणा. "बैठका घेतो" म्हणाले तर रुजू व्हायची तारीख विचारा.