‘मेसेज केम टू मी’ म्हणताय? फोनच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

‘मला मेसेज आला.’ मराठीत येणारा असतो मेसेज, आपण नुसते ‘मला’. तीच रचना इंग्रजीत नेली की ‘मेसेज केम टू मी’ तयार होतं. इंग्रजीत इथे माणसाला कर्ता करतात: ‘आय गॉट अ मेसेज.’ मेल, नोटिफिकेशन, ओटीपी, सगळ्यांना हे ‘गॉट’ चालतं. ‘रिसीव्ह्ड’ चूक नाही, पण ते बँकेला लिहिलेल्या मेलमध्ये शोभतं. मेसेज आपण पाठवला आणि ‘मेसेज’ हेच क्रियापद वापरलं, तर ‘टू’ नको: ‘आय मेसेज्ड हिम.’

खरी गडबड होते कस्टमर केअरशी बोलताना. ‘आय डिडंट गेट द ओटीपी’ म्हणजे त्या वेळी आला नाही. ‘आय हॅवंट गॉट द ओटीपी येट’ म्हणजे अजून वाट बघतोय. ‘आय ॲम नॉट गेटिंग एनी ओटीपीज’ म्हणजे दर वेळी हीच अडचण. तिसऱ्या तक्रारीसाठी ‘डिडंट गेट’ म्हणालात, तर समोरचा एक ओटीपी पुन्हा पाठवून मोकळा होईल आणि मूळ दुखणं तसंच राहील. ‘डिडंट गॉट’ कधीच नाही. भूतकाळ ‘डिड’मध्ये आलेला आहे. ‘यस्टरडे’ असेल तर ‘हॅव गॉट’ही नको: ‘आय गॉट इट यस्टरडे.’ आणि नुसतं ‘आय डिडंट गेट इट’ म्हणजे ‘मला कळलं नाही’ असाही अर्थ होतो, म्हणून ओटीपीचं नाव घ्याच. मात्र आलेले आकडे फोनवर कुणालाही सांगू नका, समोरचा बँकेचा म्हणवत असला तरी.

गजराचं इंग्रजी हमखास फसवतं. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर बंद पडला नाही, वाजला! उशीर झाला तर ‘माय अलार्म डिडंट गो ऑफ’ म्हणा, वाजलाच नाही. ‘माय अलार्म वॉज ऑफ’चा अर्थ लावलाच नव्हता, असा होईल. बंद करण्यासाठी ‘टर्न ऑफ’. नोटिफिकेशन्सही ‘टर्न ऑफ’ होतात, ‘क्लोज’ नाही. मराठीतलं एकच ‘बंद कर’ इथे आड येतं. फोन ‘इन सायलेंट’ नसतो, ‘ऑन सायलेंट’ असतो.

‘अ’ की ‘ॲन’, हे ठरवायला शब्द देवनागरीत लिहून पाहा. ओटीपी, एसएमएस, अलर्ट: सुरुवातीला स्वर, म्हणून ‘ॲन’. यूपीआयचं पहिलं इंग्रजी अक्षर स्वर आहे, पण उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ यूपीआय अलर्ट’.

राहिला मिस्ड कॉल. ‘गिव्ह मी अ मिस्ड कॉल’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत ऐकणारा बुचकळ्यात पडू शकतो. तिथे ‘रिंग मी वन्स अँड हँग अप’ म्हणा. तुमच्या फोनवर कुणाचा दिसला, तर ‘आय हॅड अ मिस्ड कॉल फ्रॉम यू’.