परसेंटाइल, रँक, ग्रेड: स्कोअरकार्ड हातात आल्यावर काय बघायचं

मे-जून आला की आमच्या इंदूरला रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, ज्या घरात बारावीचं पोर आहे तिथं एकच विषय असतो, आणि दरवर्षी मी बघते की आईबाप आकडे पाठ म्हणून दाखवतात पण त्या आकड्याचा अर्थ कोणी नीट सांगितलेलाच नसतो. कोचिंगवाले होर्डिंग लावून मोकळे होतात. मग ९२ परसेंटाइल म्हणजे ९२ टक्के समजून घरात पेढे वाटले जातात आणि काउन्सेलिंगमध्ये (म्हणजे रँकप्रमाणे जागा वाटतात तेव्हा) मनासारखं कॉलेज मिळालं नाही की पोराला बोलणी बसतात. त्यात त्या पोराचा काही दोष नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. टक्के म्हणजे पेपरातले किती मार्क मिळाले. परसेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी शंभरातले किती जण तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत. आणि ॲडमिशन मात्र मागे किती आहेत यावर होत नाही, पुढे किती आहेत यावर होते. म्हणून परसेंटाइल कळलं की लगेच ते १०० मधून वजा करायचं, खरी माहिती त्या उरलेल्या आकड्यात असते.

जेईई मेनचंच घ्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या देशभरच्या प्रवेश परीक्षेचं. २०२५ ला जानेवारी आणि एप्रिल अशी दोन्ही सेशन मिळून साधारण १४ लाख ७५ हजार मुलं बसली होती. समजा पोराला ९४.२ आलं. १०० वजा ९४.२ म्हणजे ५.८, आणि १४ लाख ७५ हजारांचे ५.८ टक्के म्हणजे जवळपास ८५,५००. एवढी मुलं पुढे आहेत, म्हणजे रँक साधारण तिथंच कुठंतरी लागणार. ९४ ऐकायला किती छान वाटतं आणि ८५ हजार म्हटलं की पोटात गोळा येतो, पण गोष्ट एकच आहे आणि दुसऱ्या आकड्यावरच पुढचं सगळं ठरतं. हा हिशोब अंदाजाचा आहे, जानेवारीचा रिझल्ट आला की करून ठेवायला चांगला. खरी रँक एप्रिलचं सेशन झाल्यावरच लागते, दोन्ही दिली असतील तर जास्तीचा स्कोअर धरतात.

आता स्कोअरकार्डवर मार्क का नसतात, हे पण लोक फार विचारतात. पेपर ३०० चा असतो पण परीक्षा कितीतरी शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, कुठे सोपा कुठे अवघड. अवघड शिफ्टमध्ये १५० मिळवणारा आणि सोप्या शिफ्टमध्ये १७५ मिळवणारा एकाच परसेंटाइलवर येऊ शकतो, कारण प्रत्येकाची तुलना आधी त्याच्याच शिफ्टमधल्या मुलांशी करतात आणि मग सगळ्या शिफ्टचे परसेंटाइल एकत्र करून रँक लावतात. म्हणूनच प्रत्येक शिफ्टच्या टॉपरला १०० असतं, त्याला ३०० पैकी ३०० पडलेत असं नाही. आणि म्हणूनच शेजारच्या पोराला किती मार्क पडतायत ते आन्सर की बघून मोजत बसू नका, त्याची शिफ्ट वेगळी असेल तर त्या तुलनेला काहीच अर्थ नाही.

अजून एक. परवाच ओळखीतल्या एका मुलीचं कार्ड घेऊन तिचे बाबा आले होते, फिजिक्स ९६, केमिस्ट्री ८८, मॅथ्स ९७ असं काहीतरी आणि खाली टोटल ९५ च्या वर. ते म्हणाले तिन्हीची सरासरी तर ९४ सुद्धा येत नाही, रिझल्टमध्ये चूक आहे, अर्ज करू का. चूक नाहीये. टोटलचं परसेंटाइल हे तीन परसेंटाइलची सरासरी नसतं, तिन्ही विषयांचे मार्क एकत्र करून त्या बेरजेवर वेगळं काढतात. केमिस्ट्रीत ती जरा मागे असली तरी तिन्ही विषयांत एकसारखी चांगली असलेली मुलं कमीच असतात, म्हणून बेरजेत ती वर गेली. आणि कार्डावर दशांश चिन्हानंतर सात आकडे छापतात ते एवढ्यासाठी की एकाच परसेंटाइलवर कमीत कमी मुलं यावीत, तेव्हा ते सात आकडे लिहून ठेवा, फॉर्ममध्ये तसेच भरा, राउंड करू नका.

रँक लागल्यावर मोठी गल्लत होते कॅटेगरी रँकची. कार्डावर एक कॉमन रँक असते आणि आरक्षणात असाल तर तुमच्या कॅटेगरीची वेगळी रँक. जोसा म्हणजे आयआयटी, एनआयटीच्या जागांचं काउन्सेलिंग, त्याच्या क्लोजिंग रँकच्या (शेवटची जागा कितव्या रँकला गेली त्याच्या) यादीत ओबीसीच्या ओळीतला आकडा हा ओबीसी रँकचा असतो, कॉमन रँकचा नाही. लोक आपली ८५ हजारची कॉमन रँक त्या ओळीशी लावून बघतात आणि रडत बसतात, खरं तर पोराची ओबीसी रँक त्याच्या निम्म्याहून कमी असते. मग एनआयटीत होम स्टेट आणि अदर स्टेट, म्हणजे आपल्या राज्यातलं कॉलेज की दुसऱ्या, हा भेद. भोपाळच्या मॅनिटमध्ये, म्हणजे तिथल्या एनआयटीत, अर्ध्या जागा मध्य प्रदेशातून बारावी केलेल्यांसाठी, सुरतच्या एनआयटीत तुम्ही अदर स्टेट. आयआयटी इंदूरला मात्र घराजवळ म्हणून काही सवलत नाही, तिथं अख्ख्या देशाची एकच यादी. मुलींची वेगळी ओळ असते ती पण विसरू नका. थोडक्यात, मागच्या वर्षीच्या शेवटच्या राउंडची यादी काढायची आणि फक्त आपली ओळ बघायची, बाकीच्या ओळी तुमच्यासाठी नाहीतच.

बोर्डाचे मार्क आता कोण बघतं, असं भंवरकुआंच्या कोचिंग क्लासमधून फिरणारी पोरं सर्रास म्हणतात, त्यांना हे वाचायला द्या. एनआयटी, आयआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, एससी एसटीला ६५, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० परसेंटाइलमध्ये असावं लागतं. रँक कितीही चांगली असली तरी ही अट चुकत नाही. आणि आपल्याकडे मुख्यमंत्री मेधावी योजना आहे, त्यात एमपी बोर्डातून ७० टक्के किंवा सीबीएसईतून ८५ टक्के आणि इंजिनीअरिंगसाठी जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत असेल तर फी सरकार भरतं, उत्पन्नाची अट आहे ती पूर्ण व्हायला पाहिजे. दीड लाख रँक म्हणजे वरच्याच हिशोबानं ९० परसेंटाइलच्या आसपास. म्हणजे ९० वाल्या पोराला एनआयटी नाही मिळाली तरी इथल्या चांगल्या कॉलेजात फीचं ओझं न घेता शिकता येऊ शकतं. ही माहिती घराघरात पोचलीच पाहिजे, मला ह्याची खरंच तळमळ वाटते, कारण सीबीएसईत ८४ घेऊन बसलेली हुशार पोरं मी बघितलीत. इथल्या एसजीएसआयटीएससारख्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या जागा राज्याच्या काउन्सेलिंगमधून भरतात, त्याचं रजिस्ट्रेशन जोसापेक्षा वेगळं असतं, दोन्हीकडे करा.

नीटचं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं, गणित उलटं आहे. तिथं एकच दिवस, एकच वेळ, ७२० मार्क, म्हणून तिथं मार्कांवरच रँक लागते, शिफ्टचं काही ॲडजस्ट करायचं नसतं. परसेंटाइल लागतं ते फक्त क्वालिफाय व्हायला, जनरलला ५०. आता बघा, हेच ५० परसेंटाइल २०२३ ला १३७ मार्कांवर होतं, २०२४ ला १६२ वर आणि २०२५ ला १४४ वर. अट तीच, मार्क बदलले, कारण पेपर आणि बाकीची मुलं बदलली. आणि क्वालिफाय झालं म्हणजे सीट मिळाली असं नाही हो, इथल्या एमजीएम मेडिकलसारख्या सरकारी कॉलेजच्या सीटला ह्याच्या कितीतरी वरचे मार्क लागतात. ४ मे २०२५ ला इंदूरला परीक्षा चालू असताना वादळ आलं आणि काही सेंटरवर लाइट गेली, प्रकरण कोर्टात गेलं. त्या पोरांचं मला आजही वाईट वाटतं, कारण एकाच शिफ्टच्या परीक्षेत असं नुकसान भरून काढायला फॉर्म्युल्यात काही सोयच नसते.

सीयूईटीत, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या पदवी कोर्सेसच्या प्रवेश परीक्षेत, विषयाविषयाचे नॉर्मलाइज्ड (शिफ्टचा फरक ॲडजस्ट केलेले) मार्क असतात, युनिव्हर्सिटी तेच धरतात, आणि कोणते विषय धरायचे ते प्रत्येक कोर्सचं वेगळं. देवी अहिल्या युनिव्हर्सिटीच्या डिपार्टमेंटमधल्या बऱ्याच कोर्सेससाठी २०२२ पासून सीयूईटी आहे, तेव्हा फॉर्म भरायच्या आधीच कोर्सचे विषय बघा, नंतर उपयोग नाही. आयआयएम इंदूरच्या आयपीएमला (बारावीनंतरचा पाच वर्षांचा मॅनेजमेंटचा कोर्स) सेक्शनचे कटऑफ वेगवेगळे, मॅथ्समध्ये कितीही मारलं तरी इंग्लिशमध्ये कटऑफ चुकला की बाहेर.

पुण्याला पाठवायचं असेल तर एमएचटी सीईटीचं, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेचं, परसेंटाइल, आणि इथं इंदूरच्या मराठी घरांचा मोठा गैरसमज आहे. आपण मराठी म्हणून महाराष्ट्राचा कोटा मिळत नाही. दहावी बारावी कुठून केली आणि आईवडलांचं डोमिसाइल कुठलं, यावर ते ठरतं. ते नसेल तर ऑल इंडियाच्या जागा, आणि तिथं जेईई मेनला पहिला मान.

ग्रेडचं आता पटकन सांगते. सीबीएसईच्या मार्कशीटवर विषयापुढे ए१ दिसतं ते ९० च्या वर म्हणून नव्हे, त्या विषयात पास झालेल्यांच्या वरच्या आठव्या हिश्शात आहात म्हणून. पुढचा आठवा हिस्सा ए२, असं खाली डी२ पर्यंत. त्यामुळे एका विषयात ९३ ला ए२ आणि दुसऱ्यात ८८ ला ए१ असं होऊ शकतं, घाबरायचं नाही.

आणि ते ९.५ नं गुणायचं प्रकरण. सीजीपीए (ग्रेड पॉइंटची सरासरी) गुणिले ९.५ हा सीबीएसईचा दहावीचा जुना हिशोब होता, २०१७ पर्यंतच्या बॅचचा. लोक तो आजही कॉलेजच्या सीजीपीएला लावतात. आरजीपीव्ही या भोपाळच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीवाल्यांचं गुणिले १०, तर एआयसीटीई या टेक्निकल शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६०. एमबीए, एमटेक किंवा बाहेरच्या देशाच्या फॉर्ममध्ये टक्के मागितले तर आपल्या युनिव्हर्सिटीचाच नियम लावायचा, तो बहुतेक मार्कशीटच्या मागे छापलेला असतो, नसेल तर युनिव्हर्सिटीतून कन्व्हर्जन सर्टिफिकेट काढून घ्या. ते हातात यायला वेळ लागतो, म्हणून फॉर्म निघायची वाट न बघता अर्ज आधीच टाका.