दहावीच्या इंग्रजीचा रोजचा धडा आणि गृहपाठ, गाईड न उघडता कसा करायचा

मराठी मीडियमच्या नववी-दहावीच्या पोरांचा इंग्रजीचा गृहपाठ बहुतेक घरांत एकाच पद्धतीने होतो. रात्री नऊ वाजता वही काढायची, शेजारी गाईड उघडं ठेवायचं, भराभर उत्तरं उतरवायची, वीस मिनिटांत खल्लास. वहीवर सही मिळते, डोक्यात मात्र काहीच जात नाही. आणि मग जानेवारी उजाडला की क्लास शोधत धावाधाव. यात आळस असतो थोडा, नाही म्हणत नाही, पण बऱ्याच पोरांना उताऱ्यातून उत्तर शोधायचं कसं हे कुणी बसून दाखवलेलंच नसतं. तेच इथे सांगते. रोज पाऊण तास पुरे, बाकीचे विषय पण आहेतच की.

सुरुवात करण्याआधी पेपर कसा असतो ते एकदा बघून घ्या. दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीची कृतिपत्रिका 80 मार्कांची, वेळ तीन तास, वरचे 20 मार्क तोंडी आणि अंतर्गत परीक्षेचे. 80 मध्ये भाषाभ्यास 10, पुस्तकातल्या दोन उताऱ्यांना 20, कवितेला 10, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्याचा सारांश मिळून 15, लेखनाला 20 आणि भाषांतराला 5. आता हिशोब करा, पुस्तकातले उतारे आणि कविता मिळून झाले 30. म्हणजे गाईड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाठ केलं तरी ते फार तर या 30 ला पुरणार, बाकीच्या 50 ला स्वतःलाच वाचता-लिहिता यायला लागतं. एवढं एक पोरांच्या गळी उतरलं ना, की अर्धं काम झालं.

आदल्या रात्री: मोठ्याने वाचन, दहा मिनिटं

उद्या वर्गात जे पान होणार ते आदल्या रात्री मोठ्याने वाचायचं. मनातल्या मनात नाही, आवाज काढून. अडला शब्द की लगेच मोबाईल नको, पेन्सिलने खाली रेघ मारायची आणि पुढे जायचं, कारण तीन ओळी पुढे गेल्यावर अर्थ पुष्कळदा आपोआप लागतो आणि नाही लागला तर उद्या सर-मॅडम आहेतच. काही पोरं प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर मराठीत उच्चार लिहून ठेवतात आणि मग डोळे फक्त त्या मराठी अक्षरांवरूनच फिरतात, इंग्रजी स्पेलिंग बघितलंच जात नाही. 'नाइफ'सारखा फसवा शब्द असेल तर ठीक, तोही पेन्सिलने, आणि आठवड्याने खोडून टाकायचा.

इथे आई-बाबांचं काम सोपं आहे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला सुरू व्हायचं, त्यामुळे आजही पुष्कळ पालक 'आम्हाला कुठं येतंय' म्हणून लांबच राहतात. अहो, यायला कशाला पाहिजे, नुसतं समोर बसून ऐका. पोरगं कुठे अडखळतंय आणि कुठे फुलस्टॉप गिळून पुढे पळतंय हे कुणालाही कळतं.

वर्गात

पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, साठ-सत्तर पोरं, प्रत्येकाला विचारत बसायला कुणाला वेळ आहे. म्हणून रेघ मारलेल्या शब्दाचा अर्थ कानावर पडला की तिथेच समासात लिहून टाकायचा, आणि जो शब्द सुटला तो हात वर करून विचारायचा. फळ्यावरचं सगळं उतरवत बसलात तर ऐकणं राहून जातं.

संध्याकाळी: गृहपाठ, त्याच दिवशी

खरा खेळ इथे आहे. समजा उताऱ्यात असं आहे: 'व्हेन द रेन्स केम, नोबडी बॉट बँगल्स. सो ग्रँडमदर लर्न्ट टू मेंड अम्ब्रेलाज.' आणि प्रश्न आहे: 'व्हाय डिड ग्रँडमदर लर्न टू मेंड अम्ब्रेलाज?' आता प्रश्नातले ठळक शब्द धरायचे, ग्रँडमदर, मेंड, अम्ब्रेलाज, आणि उताऱ्यात ती ओळ बोटाने शोधायची. सापडली. पण प्रश्न 'व्हाय'चा आहे, म्हणजे कारण हवंय, आणि आपल्या ओळीची सुरुवात 'सो'ने आहे, म्हणजे कारण तिच्या आधीच्या ओळीत बसलंय. मग उत्तर लिहायचं: 'ग्रँडमदर लर्न्ट टू मेंड अम्ब्रेलाज बिकॉज नोबडी बॉट बँगल्स व्हेन द रेन्स केम.'

यात एक बारीक गोष्ट आहे, तिथे पोरं हमखास घसरतात. प्रश्नात 'डिड' होतं म्हणून क्रियापद साधं 'लर्न' होतं, उत्तरात 'डिड' निघून गेलं की भूतकाळ क्रियापदावर येतो, 'लर्न्ट'. पोरं एकतर 'ग्रँडमदर लर्न' लिहितात नाहीतर 'डिड लर्न्ट'. हाच नियम उलट्या बाजूने व्याकरणात भेटतो. 'ॲज सून ॲज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट' याचं 'नो सूनर' करायचं झालं तर 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.' 'डिड' आत आला की 'रँग'चं 'रिंग' झालं, पुढच्या भागातलं 'रॅन' मात्र जसंच्या तसं. दोन वेगवेगळे धडे म्हणून पाठ करण्यापेक्षा हे एकत्र समजून घेतलं तर कायमचं बसतं.

उताऱ्याखाली शेवटी एक प्रश्न तुमच्या मताचा असतो, 'व्हॉट डू यू थिंक', 'व्हॉट वुड यू डू' वगैरे. गाईडमधलं उत्तर इथे उतरवू नका, वर्गातल्या निम्म्या वह्यांत तेच असतं आणि तपासणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं. मोबाईलवरच्या एआयकडून लिहून घेतलेलं तर त्याहून लवकर कळतं, ज्या पोराला काल 'ही डोन्ट'मधली चूक सापडत नव्हती त्याच्या वहीत आज अचानक 'फर्दरमोर' येतं कुठून! तीन-चार साधी वाक्यं लिहा, मोडकी असली तरी चालतील, पण तुमची पाहिजेत.

शब्दांची वेगळी छोटी वही ठेवा, रोज पाच शब्द पुष्कळ झाले. नुसता मराठी अर्थ नको, शेजारी स्वतःच्या घरातलं, गल्लीतलं एक वाक्य. भाषाभ्यासातले शब्दसाखळी, एका शब्दातून चार शब्द असले प्रकार जेवताना तोंडी खेळले तरी चालतात.

कविता असेल त्या दिवशी प्रश्नोत्तरांआधी दोनदा चालीत म्हणा. रसग्रहणाचे 5 मार्क ठरलेल्या मुद्द्यांचे असतात: कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकरचना, एक अलंकार आणि कल्पना. यमक आणि अलंकार वाचतानाच पेन्सिलने समासात लिहून ठेवले की शेवटी उरते फक्त कल्पना, ती दोन-तीन ओळींत.

वही मिटायच्या आधी पाच मिनिटं

लिहिलेलं परत वाचायचं, पण एका वेळी एकच चूक शोधत. आधी फक्त कॅपिटल आणि फुलस्टॉप. मग 'ही-शी-इट'च्या पुढचा एस. मग 'डिड'च्या पुढचं क्रियापद. शेवटी ए, ॲन आणि द, हे प्रकरण मराठीत नाहीच म्हणून ते सर्रास राहून जातं. ए की ॲन हे स्पेलिंग बघून ठरवू नका, उच्चार बघा, म्हणून 'ॲन आवर' पण 'अ युनिव्हर्सिटी'.

लेखन रोज नको, रविवारी एक पत्र किंवा बातमी, तेही घड्याळ लावून. पत्रात स्वतःचं खरं नाव-पत्ता टाकायचा नाही, प्रश्नात जे नाव दिलंय तेच, ही सवय आत्तापासून पाहिजे. भाषांतराचे पाच मार्क तर वर्तमानपत्रातल्या दोन मथळ्यांवर रोज हात चालवला तरी हातात येतात.

एखाद दिवस शाळा बुडाली तर व्हॉट्सॲप ग्रुपवर मित्राच्या वहीचा फोटो मागू नका, फक्त पान नंबर आणि प्रश्न नंबर मागा. फोटो आला की तो उतरवलाच जातो.