जुनं घर वाढवताय आणि राहताय तिथंच? या चुका टाळा

आमचं घर रत्नागिरीजवळच्या गावातलं, चिऱ्याचं आणि कौलारू. पुढे ओटी, आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. घरात सहा माणसं. त्यात सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आणि धाकटा दहावीला. मागच्या अंगाला दोन खोल्या आणि संडास-बाथरूम वाढवायचं ठरलं तेव्हा नकाशा काढून घेतला, सळई-सिमेंटचा हिशोब केला, चिऱ्यांचा भाव तीन ठिकाणी विचारला. काम चालू असताना कोण कुठे झोपेल, आंघोळ कुठे होईल, गॅस कुठे मांडायचा, हे मात्र कुठेच लिहिलं नाही. “होईल की, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे,” असं सगळेच म्हणत होतो. आमचे निम्म्याहून जास्त त्रास तिथूनच सुरू झाले.

पायाखालची वाट एका दिवसात बदलणं

तिसऱ्या आठवड्यात गवंड्यांनी पडवीत जायचं जुनं दार चिणलं आणि दोन हात पलीकडे नवं पाडलं. दुपारी सगळ्यांना दाखवलं. सासूबाईंनीही पाहिलं, मान हलवली. पहाटे साडेचारला त्या नेहमीसारख्या उठल्या. दिवा न लावता, उजवा हात भिंतीवरून सरकवत निघाल्या. साठ वर्षं त्या तशाच जात आल्या होत्या. मला जाग आली तेव्हा त्या चिणलेल्या जागेवर दोन्ही तळवे टेकून उभ्या होत्या. तळव्यांना वाळू लागलेली. “अगं, इथलं दार कुठं गेलं?” एवढंच म्हणाल्या.

त्या पडल्या नाहीत हे आमचं नशीब. म्हणून सांगते, नवं दार आधी पाडा, किमान आठ-दहा दिवस दोन्ही दारं वापरात ठेवा आणि मगच जुनं चिणा. त्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा जळू द्या.

उंबऱ्याशी येणाऱ्या उंचवट्याचंही तसंच. नव्या खोलीचं जोतं थोडं वर घेतलं जातं आणि जुन्या-नव्या जमिनीत तीन-चार इंचांचा फरक राहतो. पायरी म्हणून तो डोळ्यांत भरत नाही आणि सपाट जमीनही नसते. म्हातारी माणसं आणि पळणारी मुलं नेमकी तिथेच ठेचकाळतात. एक तर दोन्ही जमिनी एका पातळीत घ्या, नाही तर सहा इंचांची सरळ पायरी करा आणि तिच्या कडेला वेगळ्या रंगाची फरशी लावा. आमच्याकडे फरक राहून गेला होता. फरशी बसल्यावर उतार करून घ्यावा लागला, म्हणजे तेच काम दोनदा.

जुना संडास आणि न्हाणीघर मात्र नवं चालू होऊन आठवडा झाल्याशिवाय पाडू नका. गवंडी म्हणतील, “आत्ताच पाडलं तर डबर भरावाला कामी येईल.” येईल, पण तोवर घरातल्या बायकांनी जायचं कुठे, याचं उत्तर त्यांना द्यायचं नसतं.

जुन्या भिंतीला खेटून पाया खणणं

ही चूक पैशांत सगळ्यात महाग पडते. चिऱ्याच्या जुन्या घरांचा पाया बऱ्याचदा उथळ असतो आणि बांधकाम मातीत किंवा चुन्यात केलेलं असतं. नव्या खोलीसाठी त्याला लागून, त्याच्याही खाली, एका दमात लांबच लांब चर मारला तर भिंतीखालची माती सरकते. आमच्या शेजारच्या वाडीत एका घराची मागची भिंत अशीच फुगली आणि त्यांना रातोरात माजघर रिकामं करावं लागलं.

नव्या भागाला स्वतःचा पाया आणि स्वतःचे कॉलम द्या, आणि खणायला घेण्याआधी इंजिनियरला जागेवर आणा. भिंतीजवळचं खणणं तुकड्यातुकड्याने करा. एक तुकडा भरून झाला की पुढचा. नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून गुंतवू नका. नवं बांधकाम पहिली काही वर्षं थोडं बसतं, जुनं केव्हाच बसलेलं असतं. दोन्ही बांधून टाकली तर सांध्यावर तडा जाणारच. मध्ये फट ठेवून ती दबणाऱ्या फोमने भरा आणि वरून पट्टी लावा. तडा आधीच गेला असेल तर लगेच सिमेंट भरू नका. त्यावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारून तारीख घाला. एका पावसाळ्यात रेघा सरकल्या नाहीत तर बुजवा, सरकल्या तर इंजिनियरला बोलवा.

स्लॅब एप्रिल-मेमध्ये टाकणं

मुंबईची माणसं मे महिन्यात येतात म्हणून स्लॅबही मेमध्ये, असा आपल्याकडे रिवाजच पडलाय. विहिरीचा तळ दिसतो तो नेमका तेव्हाच. तीनशे चौरस फुटांच्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी भरायचं तर पहिल्याच भरणीला साधारण १४०० लिटर लागतं, आणि उन्हाने आटेल तेवढं रोज वरून घालावं लागतं. आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगितलंय. राखेच्या सिमेंटला १४ दिवस दिले तर उत्तम. आपल्या बाजारात पीपीसी म्हणून मिळतं ते हेच राखेचं सिमेंट. म्हणजे दोन आठवडे स्लॅबला पाणी आणि घरात कळशीवरून भांडणं. आमच्याकडे धुणं नदीवर न्यावं लागलं आणि टँकर मागवावा लागला. पाणी कमी पडलं म्हणून शेवटचे चार दिवस स्लॅबवर ओली गोणपाटं टाकली. ती सुकू दिली नाहीत तर हाही चांगला उपाय आहे.

तुळशीचं लग्न झालं की पाया घ्या, जानेवारी-फेब्रुवारीत स्लॅब टाका. मे निम्मा सरायच्या आत छप्पर पूर्ण झाकलेलं हवं, कारण वळीव तारीख बघून येत नाही. घरात दहावी-बारावी असेल तर ठोकाठोकीची कामं परीक्षेच्या महिन्यात ठेवू नका. आम्ही ठेवली, आणि मुलगा महिनाभर शेजारच्या काकूंच्या माडीवर अभ्यास करत होता. काकूंचे उपकार आहेत. पण आपल्या मुलाला आपल्याच घरात जागा नव्हती हे मला अजून लागतं.

कौलं आणि स्लॅबचा सांधा

कोकणात पाणी गळतं ते बहुतेक इथेच. मागच्या पाख्याची, म्हणजे उतरत्या छपराची, पागोळी सरळ नव्या स्लॅबवर पडते. तिथे कौलांना टेकवून कठडा बांधला की पाणी तुंबतं, उलटं कौलांखाली शिरतं आणि वासे कुजतात. स्लॅब वळचणीपेक्षा किमान फूटभर खाली ठेवा, त्याचा उतार घरापासून बाहेर काढा आणि सांध्यावर रुंद पन्हळ घाला. पन्हळ हाताने साफ करता येईल एवढी मोकळी हवी. आंब्याची पानं तिला तासाभरात बुजवतात. जुनी कौलं उतरवताना त्यांच्या पाठीवरचं कारखान्याचं नाव पाहा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांचे खाचे एकमेकांत बसत नाहीत, म्हणून फुटतुटीसाठी त्याच छापाची जास्तीची कौलं आधी शोधून ठेवा. मोडणाऱ्या जुन्या घरांतून ती मिळतात.

ओल झाकून टाकणं

“घर नवं दिसू दे” म्हणून जुन्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट मारतात. भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडत असे, आता आत कोंडते. मग रंगाला फोड, पांढरं मीठ, कपाटाला बुरशी. असं झालं असेल तर तेवढ्या भागातला सिमेंटचा गिलावा उतरवा, भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्या, मग चुना लावा. दारंखिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगात ते असू शकतं. पाणी मारून घासा आणि तेवढा दिवस लहान मुलांना दुसऱ्या घरी ठेवा.

तोंडी ठरवणं

घर सामाईक असेल तर वाढवलेली खोली कोणाची आणि खर्च कोणाचा, हे वीट लावण्याआधी लिहा. हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, ग्रामपंचायतीची परवानगी काढा आणि काम झाल्यावर नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, नोंद करून घ्या. चुलत भावंडांत प्रेम आहे म्हणूनच कागद हवा. पुढच्या पिढीला आपले शब्द आठवणार नाहीत.

मिस्त्रींशी बोलणारं माणूस एकच ठेवा. आमच्याकडे हे सकाळी खिडकी डावीकडे सांगत, दुपारी मुंबईहून दिरांचा फोन येई की उजवीकडे, आणि संध्याकाळी मला ओटा बुटका वाटे. खिडकी दोनदा फोडली, आणि तिची मजुरी आम्हीच भरली. शेवटी ओटीवर खिळ्याला वही टांगली. ज्याला जे सुचेल ते त्यात लिहायचं आणि रात्री जेवताना ठरवून सकाळी एकानेच सांगायचं. मापं तिथंच, दिलेले पैसेही तिथंच. देव कधी आणि कुठे हलवायचे हेही सासूबाईंना विचारून त्याच वहीत लिहिलं. सगळ्यात आधी त्यांना विचारलं याचं त्यांना फार बरं वाटलं.

ती वही काम संपलं म्हणून काढू नका. पहिल्या मोठ्या पावसात रात्री बॅटरी आणि खडू घेऊन घरभर फिरा. सांध्याखाली, पन्हळीच्या टोकाशी, चिणलेल्या दाराच्या कडेला हात लावून पाहा. जिथे ओल लागेल तिथे खडूने गोल करा आणि तारीख, वेळ, वारा कुठला होता हे वहीत लिहा. आमच्याकडे पाच गोल झाले. त्यातले तीन एकाच निखळलेल्या कौलाचे निघाले.