साताऱ्यातून विज्ञानात जायचंय? पुरस्कार आणि फेलोशिपच्या अर्जांबद्दल

साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतोच. "मॅडम, महिला शास्त्रज्ञांचे ते पुरस्कार, फेलोशिप आपल्याकडच्यांना मिळतात का हो? ते पुण्या-मुंबईवाल्यांसाठी असतं ना?" मोठ्या संस्थांतल्या मुलींना ते जास्त मिळतात हे खरं आहे. पण तिथे 'अगं, मुदत संपायला आलीय, अर्ज भर' असं सांगणारी एखादी सीनियर शेजारच्याच टेबलावर असते. आपल्याकडे ती नसते, म्हणून हे लिहितेय.

आपण सगळ्यालाच पुरस्कार म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे झालेल्या कामाचा गौरव. भारतातल्या शास्त्रज्ञांना दिला जाणारा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी यांना 1961 मध्ये मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. लॉरिआल ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी आणि युनेस्को यांचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार 1998 पासून फक्त महिला शास्त्रज्ञांना दिला जातो, आणि 2002 मध्ये तो कुष्ठरोगावर आयुष्यभर काम केलेल्या इंदिरा नाथ यांना मिळाला. दुसरी गोष्ट म्हणजे पुढचं काम करता यावं म्हणून हातात दिलेला पैसा आणि वेळ, म्हणजे शिष्यवृत्ती किंवा फेलोशिप. सुरुवात करणाऱ्या मुलीला या दुसऱ्या गोष्टीची गरज असते, आणि पहिलीची वाटही तिथूनच जाते.

बारावी झालेल्यांनी दोन नावं लक्षात ठेवा. मूलभूत विज्ञानात बीएस्सी करणार असाल आणि बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल, तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेची वर्षाला 80,000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. ती मुलामुलींना दोघांनाही मिळते. लॉरिआल इंडियाची शिष्यवृत्ती मात्र फक्त मुलींसाठी आहे, त्यात गुणांबरोबर घरचं उत्पन्नही बघतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून आधीच काढून ठेवा. निकालानंतर तिथली रांग किती लांब असते ते तुम्हाला माहीत आहे.

बीएस्सी-एमएस्सीच्या मुलींनी देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप चुकवू नये. दोन महिने एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत काम करायला मिळतं आणि तिथल्या मार्गदर्शकाचं शिफारसपत्र पुढे फार उपयोगी पडतं. भौतिकशास्त्रात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींसाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) 2020 पासून 'विज्ञान विदुषी' हा उन्हाळी कार्यक्रम घेते. पीएचडीच्या फेलोशिपसाठी नेट-जेआरएफ ही परीक्षा असते. तिथे महिलांना वयात पाच वर्षांची सवलत आहे, हे माहीत नसल्यामुळे परीक्षेचा नाद सोडलेल्या मुली मी पाहिल्यात. घरात एकुलती एक मुलगी असून पूर्णवेळ पीएचडी करत असाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) सावित्रीबाई फुले यांच्या नावाची फेलोशिप आहे. सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांच्या नावाच्या फेलोशिपची माहिती याच जिल्ह्यात कमी असावी, याचं मला वाईट वाटतं.

आता ज्या योजनेवर मी स्वतः परत उभी राहिले तिच्याबद्दल. एमएस्सीनंतर लग्न, मग मूल, आणि काही वर्षं प्रयोगशाळेचं दारही पाहिलं नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना अशाच बायकांसाठी होती. आता ती वाईज-किरण या छत्राखाली आहे. पीएचडीसाठी वेगळी, पीएचडीनंतरची वेगळी, आणि पेटंटच्या कामाचं प्रशिक्षण देणारीही एक. जुन्या योजनेत वय 27 ते 57 चालायचं. नव्या प्रत्येक प्रकाराची मर्यादा निराळी आहे, ती चालू जाहिरातीतच वाचा. या योजनेत तुमचं संशोधन तुमच्या नावावर असतं आणि दरमहा फेलोशिप तुमच्या खात्यात येते. घरात 'नोकरी नाही तर कशाला जायचं रोज' म्हणणाऱ्यांचा सूर त्यानंतर बदलला, हे मी अनुभवानं सांगते.

वयाच्या अटीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. भटनागरसारख्या पुरस्काराची 45 ची मर्यादा जन्मतारखेपासून मोजली जाते. बाळंतपणात आणि मुलं वाढवण्यात गेलेली वर्षं तिथे वजा व्हायला हवीत. पीएचडीच्या नियमात यूजीसीनं 240 दिवसांपर्यंतची प्रसूती आणि बालसंगोपन रजा मान्य केली आहे, मग गौरवाच्या वेळी ती वर्षं का विसरायची?

अर्जात सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, पहिला शोधनिबंध एका नावानं, दुसरा दुसऱ्या. तुमचं काम शोधणाऱ्या समितीला त्या दोन बायका वाटतात. शोधनिबंधासाठी एकच नाव ठरवा आणि लग्नानंतरही तेच ठेवा. कायद्यानं आडनाव बदललंच पाहिजे असं कुठे नाही. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, फुकट मिळतो, तो बीएस्सीच्या प्रोजेक्टपासूनच काढा, म्हणजे दोन्ही नावांवरचं काम एका जागी दिसतं. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये कायम हवा.

प्रस्तावाचा विषय जवळचा घ्या, पण प्रश्न नेमका हवा. 'कास पठारावरील वनस्पतींचा अभ्यास' हे शीर्षक समितीनं अनेकदा वाचलेलं असतं. जांभा दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, माती वीतभरही नसते, तिच्यात नत्र कमी असतं. तरी दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती तिथेच वाढतात, कारण त्या किडे पकडून ती उणीव भरून काढतात. यातून प्रश्न निघतात. पाऊस उशिरा आला तर त्यांचं बी रुजतं का? पर्यटकांनी तुडवलेल्या भागात मातीत जिवंत बी किती उरतं? असा एक प्रश्न, तो तपासायची पद्धत, आणि ती जमेल अशी साधनं तुमच्या कॉलेजात आहेत याचा पुरावा, एवढं मांडलं की प्रस्ताव उभा राहतो. सांगलीच्या मुलींना हळद आणि द्राक्षं अशीच दाराशी आहेत.

स्वतःचा वाटा लिहायला आपल्या मुली फार लाजतात. 'आमच्या गटाने', 'सरांच्या मार्गदर्शनाखाली' असं पानभर लिहितात, आणि नमुने कुणी गोळा केले, आकडेमोड कुणी केली ते कुठेच नसतं. नमुने तू गोळा केलेस तर तसं लिही. हा फुशारकीचा भाग नाही, परीक्षकाला हवी असलेली माहिती आहे.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते संस्थेचं संमतीपत्र. प्राचार्यांची सही, शिक्का, मार्गदर्शकाचं पत्र यासाठी महिनाभर आधी लागा. शिफारसपत्र मागताना सरांना किंवा मॅडमना तुमच्या कामाचं एक पान सोबत द्या, नाहीतर 'ही विद्यार्थिनी मेहनती आहे' एवढंच येतं आणि त्यानं कुणाचं काही हलत नाही.

समितीसमोर सादरीकरणाला 'मध्ये इतकी वर्षं काय करत होतात?' हा प्रश्न येऊ शकतो. मान खाली घालू नका. 'मूल लहान होतं, आता परत आलेय, आणि या काळात या विषयात काय नवीन झालं ते मी वाचलंय' असं म्हणा आणि ते वाचलेलं सांगा. माझ्या वेळी पुढचे सगळे प्रश्न माझ्या संशोधनाच्या विषयावरच, म्हणजे बियांवरच आले.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागा. मिळाले तर त्यातला प्रत्येक मुद्दा पुढच्या प्रस्तावात घ्या. आणि माझ्यासारख्या शिक्षिकांना, शिक्षकांनाही, एक विनंती. बरेच गौरव अर्जावर नाही तर नामांकनावर मिळतात. आपल्या विभागात शांतपणे काम करणारी जी कुणी असेल, तिचं नाव या वर्षी पाठवा, तिनं सांगायची वाट पाहू नका.