शेडिंग बिघडतं ते शेडिंगच्या आधीच: डिजिटल रंगकामातल्या या चुका टाळा

कागदावर शाईने काढलेलं चित्र टॅबवर किंवा संगणकात घेऊन रंगवायला बसलेल्या नवख्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेडिंगसाठी ब्रश कोणता घेऊ? ब्रश कुठलाही चालतो. घोळ होतो तो स्कॅन करताना आणि सपाट रंग भरताना, फक्त दिसतो तो सावली टाकल्यावर.

स्कॅनिंग अ‍ॅपमधला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पर्याय कागदपत्रांसाठी आहे, चित्रासाठी नाही. त्यात प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण काळा होतो, नाहीतर पूर्ण पांढरा. निबने काढलेल्या रेषेचं निमुळतं टोक तुटतं, कडांना पायऱ्या पडतात आणि नंतर काहीही केलं तरी त्या जात नाहीत. स्कॅन ग्रेस्केलमध्येच (काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटांसकट) घ्या, ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. ए५ कागदाचं चित्र साधारण १७४८ × २४८० पिक्सेल येतं. चित्र लहान असेल आणि पुढे मोठं छापायचं असेल तर ६०० डीपीआय. स्कॅनर नसेल तर दिवसा खिडकीपाशी, थेट ऊन टाळून फोटो काढा. फोन कागदाला समांतर धरा आणि जवळ जाण्याऐवजी थोडं लांबून दुप्पट झूम करा, म्हणजे कडेच्या रेषा वाकत नाहीत. शाई पूर्ण वाळल्यावर पेन्सिल खोडायची, मगच स्कॅन. घाई केली की शाई फासते आणि तो डाग साफ करण्यात तास जातो.

आता कागदाचा पांढरा रंग. डोळ्याला पांढरं दिसणारं पान स्कॅनमध्ये राखाडीच येतं. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा या मापात २५५ ऐवजी २३५ किंवा २४०. रेषांचा लेअर (चित्राचा वेगळा थर) वर ठेवून त्याचा मोड मल्टिप्लाय (खालचा रंग गडद करणारा) केला की शुद्ध पांढरा नाहीसा होतो, पण हा राखाडी खालच्या प्रत्येक रंगावर बसतो आणि सगळं चित्र मळकं दिसतं. मग रंग भडक करत सुटायचं, आणि ते आणखी बिघडवायचं! उपाय दोन मिनिटांचा आहे. लेव्हल्स (उजेड-अंधाराचा आलेख) उघडा, पांढरा स्लायडर आलेखातल्या कागदाच्या उंचवट्याच्या डावीकडे आणा, काळा ३०–४० पर्यंत आत घ्या, मग मल्टिप्लाय करा.

सर्वांत जास्त चित्रं मात्र बकेटने, म्हणजे बंद जागा एकदम रंगाने भरणाऱ्या साधनाने, बिघडतात. रेषेच्या लेअरवरच बकेट मारली की रंग रेषेच्या करड्या कडेपाशी थांबतो आणि रंग व रेषा यांच्यामध्ये पांढरी किनार उरते. लहान पडद्यावर ती दिसत नाही. छापल्यावर नऊवारीच्या प्रत्येक निरीभोवती पांढरा धागा दिसतो. काहीजण तो बारीक ब्रशने एकेक करून बुजवतात. पाच तासांचं काम, तरी निम्मा राहतोच. रंगाचा लेअर रेषांच्या खाली वेगळा घ्या, बकेटला रेषांचा लेअर फक्त संदर्भ म्हणून पाहू द्या आणि रंग २–३ पिक्सेल बाहेर पसरवा, म्हणजे तो रेषेखाली सरकतो. क्रिटा या रंगकामाच्या प्रोग्राममध्ये याला ‘ग्रो’ म्हणतात, क्लिप स्टुडिओ या दुसऱ्या प्रोग्राममध्ये ‘एरिया स्केलिंग’. रंग सगळ्या पानभर सांडला तर रेषेत कुठेतरी फट आहे. टॉलरन्सशी (बकेट किती वेगळ्या छटा एकच धरते, त्या मापाशी) खेळत बसू नका, फट शोधून रेषा जोडा.

त्वचा, साडी, केस, दागिने, पार्श्वभूमी असे पाच लेअर तरी हवेतच. सगळं एकाच लेअरवर रंगवून झालं आणि कुणी म्हणालं, ‘हिरव्याऐवजी जांभळी साडी हवी’, तर चित्र पहिल्यापासून रंगवावं लागतं. वेगळा लेअर असेल तर ह्यूचा (रंगछटेचा) एक स्लायडर पुरतो. शेडिंगही सपाट रंगाला क्लिप केलेल्या, म्हणजे त्याच्या आकाराबाहेर न जाणाऱ्या, लेअरवर करा. क्रिटात हेच काम करणाऱ्या ‘इनहेरिट अल्फा’साठी दोन्ही लेअर एकाच ग्रुपमध्ये असावे लागतात. ग्रुप नसेल तर सावली खालच्या सगळ्या लेअरना धरून बाहेर पसरते, आणि नवखा समजतो की प्रोग्राम बिघडला.

दुसरी मोठी चूक: काळ्याने सावली. गव्हाळ त्वचेचा रंग १९८, १३४, ९० (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) धरा. त्यावर ४० टक्के काळा टाकला की ११९, ८०, ५४ होतं. रंगाची जात तीच, उजेड तेवढा कमी. म्हणून गाल कोळसा फासल्यासारखा दिसतो. परदेशी धड्यांत सांगितलेला फिकट जांभळा मल्टिप्लाय गोऱ्या त्वचेवर छान दिसतो, पण गव्हाळ, सावळ्या रंगावर राख ओततो, कारण निळसर जांभळा नारिंगीची झळाळी मारतो. त्वचेसाठी विटकरी घ्या: १९०, १३०, १२० मल्टिप्लाय केला की साधारण १४८, ६८, ४२ मिळतं, आणि सावलीतही त्वचा जिवंत राहते. जांभळट निळा पांढऱ्या धोतरासाठी, चुन्याच्या भिंतीसाठी राखून ठेवा. पूर्ण चित्रावर एकाच रंगाची सावली ओढणं हा आडमार्ग आहे आणि तो लगेच ओळखू येतो.

प्रत्येक आकाराच्या कडेने आत सावली फिरवली की चेहरा उशीसारखा फुगलेला दिसतो. वेगळ्या लेअरवर प्रकाश कुठून येतो ते दाखवणारा बाण काढा आणि शेवटपर्यंत दिसत ठेवा.

एअरब्रश (मऊ, धूसर कडेचा ब्रश) पहिले दोन महिने उघडूच नका. नाकाची, पदराची पडछाया कडक कडेची असते, गालाची वळती सावली मऊ. कडक गोल ब्रशने आधी दोन्ही मांडा, मग गालाचीच कड मऊ करा.

उजेड-अंधाराचा तोल बघायला सगळ्यात वर काळा भरलेला लेअर ठेवून त्याचा मोड ‘कलर’ करा; चित्र करडं दिसेल. त्वचा आणि साडी एकसारख्या करड्या झाल्या तर आधी सपाट रंग बदला.

फोनचा रात्रीचा पिवळा फिल्टर रंगवताना बंद हवा. नाहीतर सकाळी सगळं चित्र निळसर निघतं.

जेपीजी फक्त पाठवण्यासाठी. मूळ फाइल लेअरसकट ठेवा, रेषांचा स्वच्छ स्कॅन वेगळा ठेवा, आणि छापायचं असेल तर आधी एक छोटी प्रत काढून बघा: पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि निळा कागदावर बहुधा उतरत नाही.